साल्किनचा रेडिओ

१

शनिवारी दुपारची जेवणं उरकली की बुरुल घरातले आवाज एकेक करून बंद करत जाई. आधी फ्रिजची पिन काढायची, कारण तो घरघरतो. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून न्हाणीघरात ठेवायचं. मग आईला शेजारणीकडे पिटाळायचं. म्हातारी जाता जाता दारात थांबून दर वेळी विचारी, "आज मरणारे का गं कुणी?"

"आज नाही, अपा. आज नुसतीच भांडणं आहेत."

"मग ठीक," असं म्हणून आई चपला शोधायला लागे.

तोवर कोमुझची पिशवी खांद्याला लावून पेरिझात आलेली असे. ती संगीतशाळेत मुलांना कोमुझ, म्हणजे तीन तारांचं वाद्य, शिकवायची. बुरुल बाजारालगतच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. बुरुल वयाने मोठी, म्हणून पेरिझात तिला एजे म्हणे आणि बुरुल तिला पेरी, पोरी, बये, तोंडाला येईल ते. दोघी आतल्या खोलीत बसायच्या. तिथे भिंतीलगत मोठी पेटी होती आणि पेटीवर छताला टेकेल अशी गाद्यांची चवड. बुरुलच्या लग्नात आईने शिवलेल्या त्या गाद्या. बुरुल सासर सोडून आली तेव्हा त्याही तिच्याबरोबर परत आल्या. कापूस आवाज पिऊन टाकतो. बिश्केकमध्ये पैसे मोजून मिळणाऱ्या स्टुडिओतसुद्धा इतकी चांगली खोली नाही, असं पेरिझातचं मत होतं.

त्यांच्या पॉडकास्टचं नाव 'कालव्याकाठच्या गप्पा'. 'कालव्याकाठचं घर' ही मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा देश नवा होता आणि वीज जुनी. प्रसंग रंगात आला की हमखास लाइट जायची. त्यामुळे सबंध मालिका पाहिलेला माणूस साऱ्या किर्गिझस्तानात शोधून सापडला नसता. ज्याला जे दिसलं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं, असं करत लोकांनी ती जोडजोडून पाहिली. शेवटचा भाग तर कुणालाच दिसला नाही. त्या संध्याकाळी अर्ध्या देशात अंधार झाला, आणि पुढे कुणीतरी त्या टेपवर कुस्तीचे सामने चढवून टाकले. शेवटी काय झालं यावरून अजूनही लग्नाच्या पंगतीत आवाज चढतात.

काराकोलच्या एका मास्तरांनी बाकीचे भाग घरी टेप करून ठेवले होते. ते हाती आल्यापासून दोघी दर शनिवारी एक भाग लॅपटॉपवर पाहायच्या, आधी चोरून पाहायचं नाही असा नियम होता, आणि लगेच माइकसमोर त्यावर तोंडसुख घ्यायच्या. शेवटी पेरिझात मालिकेतल्या एखाद्या पात्रासाठी स्वतः केलेलं गाणं वाजवायची. ऐकणारे पुष्कळ होते. खेड्यातल्या आज्या होत्या, ट्रकवाले होते, मॉस्कोत जिने पुसताना कानात गप्पा लावून ठेवणाऱ्या बायका होत्या. सासूबाईंच्या पात्रावरचं गाणं तर लोक बारशाला वाजवत.

साल्किनला मात्र अजून गाणं मिळालं नव्हतं. साल्किन म्हणजे त्या घरातली धाकटी सून. ती बोलायची नाही. कणीक मळायची, पाणी आणायची, आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीत एक रेडिओ असे, त्याची अखंड पुटपुट ऐकत उभी राहायची. बुरुलला ती डोळ्यांसमोर नको असे.

"ही बाई आहे की किटली?" ती माइकमध्ये म्हणायची. "किटलीसुद्धा तापली की शिट्टी मारते हो! हिच्या जागी मी असते तर कधीच कालव्यात उडी टाकली असती. हिनेही टाकावी एकदाची. तेवढंच बाकीच्यांना काम मिळेल."

लोक पोट धरून हसायचे आणि किटल्यांचे फोटो पाठवायचे.

पेरिझात हसायची, पण तिला साल्किन आवडायची. त्या दिवशी तिने साल्किनचं गाणं आणलं होतं. बसमध्ये येता येता सुचलेलं, एकदाही कुणाला न ऐकवलेलं. ती वाजवत असतानाच बाहेर भट्टीत खिम्याचे सामसे करपल्याचा वास आला, बुरुलने हातवारे सुरू केले, आणि तिसऱ्या ओळीवर पेरिझातचं बोट घसरून भलत्याच सुरावर गेलं.

"पुन्हा घेते," ती म्हणाली.

"काही पुन्हा नको, छान वाटलं! सामसे गेले माझे!" म्हणत बुरुल धावली. चूक तशीच राहिली.

२

पुढच्या शनिवारी लॅपटॉपच्या पडद्यावर थोरला दीर आणि सासू यांचं जमिनीवरून जुंपलं होतं. बुरुल मन लावून बघत होती. प्रसंग तुटला आणि स्वयंपाकघर आलं. साल्किन पाठमोरी, कोपरापर्यंत पिठात. ती गुणगुणत होती.

पेरिझातला आधी काही वेगळं वाटलंच नाही. आपलीच चाल आपल्या डोक्यात चालू असावी तसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की ती लॅपटॉपमधून येते आहे.

"अगं चोरटे!" बुरुलने तिच्या मांडीवर थाप मारली. "सापडलीस! लहानपणी ऐकलेलं उचललंस आणि वर 'मला बसमध्ये सुचलं' म्हणून सांगतेस! आता मी सांगणार सगळ्यांना."

पेरिझातच्या कानांपर्यंत रक्त चढलं. असंच असणार. लहानपणी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून तिनेही ही मालिका पाहिली होती. पोरवयात कानावर पडलेलं कुठे दडून बसतं ते कोण सांगणार? शाळेतल्या मुलांचंही तेच होतं. जाहिरातीचं गाणं स्वतःचं म्हणून वाजवून दाखवायचे आणि शपथ घ्यायचे. तिने माइकसमोर हसत हसत कबुली दिली, ऐकणाऱ्यांची माफी मागितली, आणि विषय मिटला.

घरी गेल्यावर तिने तो प्रसंग पुन्हा लावला. खोटं का बोला, तिला बघायचं होतं की साल्किनने आपल्यापेक्षा बरं म्हटलं आहे का. तिसरी ओळ आली. साल्किनचा सूर घसरला, भलत्याच ठिकाणी गेला, आणि क्षणभर ती थांबली. जणू तिने ते गाणं कुठेतरी ऐकून पाठ केलं, त्यातली चूकही मन लावून पाठ केली, आणि 'हे असंच आहे ना?' असं तिला वाटलं.

चाल लहानपणी ऐकलेली असेल. पण सामसे गेल्या शनिवारी करपले होते.

३

"तू उलटं धरतेस," बुरुल म्हणाली. ती औषधांच्या बाटल्या लावत होती आणि पेरिझात काउंटरच्या अलीकडे उभी होती. "ती चुकली होती. तू लहानपणी ती चूकच ऐकलीस. म्हणून तुझं बोट तिथेच गेलं. सामशांचा काय संबंध?"

हे पटण्यासारखं होतं. पेरिझातला ते पटलंही. पण पटलेल्या गोष्टीची खात्री करून घ्यावीशी वाटणं हा तिचा जुना आजार होता. तिने एक नवी चाल बांधली, आणि ती कुठल्याही माणसाला सुचणार नाही अशी बांधली. संगीतशाळेच्या लोखंडी फाटकाला वंगण नव्हतं. उघडताना ते रडायचं आणि मिटताना खाकरायचं. ते रडणं-खाकरणं तिने जसंच्या तसं तारांवर घेतलं. गप्पांच्या शेवटी ती चाल 'साल्किनसाठी आणखी एक' म्हणून वाजवली.

"कुणाचं पोट दुखतंय का?" बुरुलने माइकमध्येच विचारलं.

पुढच्या शनिवारी पेरिझात लॅपटॉपच्या अगदी जवळ सरकून बसली. साल्किन तीन-चारदा दिसली. तिने भांडी घासली, सासऱ्यांना चहा दिला, मान खाली घालून उभी राहिली. गुणगुणली नाही.

"झालं समाधान?" बुरुल म्हणाली.

"झालं," पेरिझात म्हणाली. समाधान झालं होतं, आणि गंमत अशी की जराशी निराशाही झाली होती.

गप्पा लोकांपर्यंत पोचल्या आणि तलासहून एका ऐकणारीचा आवाजी निरोप आला. बाई वयस्कर होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या. "पोरींनो, साल्किन नाही गायली तर काय झालं, तिच्या खिडकीतल्या रेडिओवर लागलंय की ते गाणं. फाटकासारखं वाजणारं. आमच्याकडे सगळ्यांना आठवतंय. आम्ही त्याला फाटकाचं गाणंच म्हणायचो."

४

रेडिओची पुटपुट इतकी हलकी होती की आजवर तिच्याकडे कुणी कान दिला नव्हता. ती त्या स्वयंपाकघराचाच भाग वाटे, चुलीतल्या धुरासारखी. पेरिझात संगीतशाळेतल्या मोकळ्या वर्गात हेडफोन लावून बसली. बाहेर कोळशाच्या धुराने दुपार पिवळी झाली होती. लॅपटॉपवर ती एकेक आवाज खाली ओढत गेली. सासऱ्यांचा खोकला, भांडी, अंगणातलं कुत्रं. मग उरलेलं तिने वर उचललं.

कोमुझ वाजत होता. फाटक रडलं, खाकरलं. मग एका बाईचा आवाज, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा: *कुणाचं पोट दुखतंय का?* आणि दोघी हसल्या.

तिने हेडफोन काढले. वर्गात कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत एक मूल तेच तेच चार सूर घोटत होतं आणि त्याचं घोटणं तिला फार आवडलं त्या वेळी.

कुणीतरी थट्टा केली असेल. काराकोलच्या मास्तरांनी टेपमध्ये आमचा आवाज मिसळला असेल. पण या टेपा तर दोघींच्या हाती गेल्या वर्षीच आल्या होत्या, फाटकाच्या चालीच्या कितीतरी आधी. तिने मागचे भाग उघडले. जिथे जिथे स्वयंपाकघर होतं तिथे तिथे रेडिओ होता आणि रेडिओत त्या दोघी होत्या. कुठे बुरुल औषधाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाची नक्कल करत होती, कुठे पेरिझात तार जुळवत होती. एका ठिकाणी बुरुल म्हणत होती, *हिनेही टाकावी एकदाची*. पडद्यावर साल्किन खिडकीशी उभी होती. तिने ओले हात झग्याला पुसले आणि रेडिओचा आवाज जरासा वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिने हे बुरुलला ऐकवलं. बुरुल उभी होती ती काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसली.

"वाढवला," ती म्हणाली. "मी शिव्या देत्येय आणि ती आवाज वाढवत्येय."

५

मालिकेचं ध्वनिमुद्रण केलेले ओस्मोन आता शहराबाहेर मुलाकडे राहत होते; थोरल्या माणसाला म्हणतात तसं सगळे त्यांना बैके म्हणत. पेरिझातच्या शाळेतल्या कुणीतरी त्यांचा पत्ता दिला. शहराच्या टोकापर्यंत व्हॅनने जाऊन दोघी चिखलातून चालत त्यांच्या फाटकाशी पोचल्या. कुत्रं भुंकायला लागलं.

"कुणी आहे का घरात? कुत्र्याला आवरा, मी आधीच घाबरट आहे!" बुरुल ओरडली.

म्हातारा ओसरीवर आला, आणि तिथेच थांबला. मान तिरकी करून त्याने बुरुलकडे पाहिलं.

"हा आवाज मी ऐकलाय," तो म्हणाला.

बुरुल खूश झाली. "आमचा पॉडकास्ट ऐकता, बैके?"

"ते काय असतं?"

ओस्मोन बैकेंनी दोघींना आत बसवलं, पाव आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे केला, चहा ओतला. पेरिझातने रेडिओचं विचारलं तेव्हा ते हसले. "डबा होता तो. आत काही नव्हतं. साल्किन झालेली पोरगी त्यात पाव लपवायची, चित्रीकरणात भूक लागायची म्हणून."

"मग आवाज?"

"तोच त्रास होता ना." त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. "स्वयंपाकघरात माइक उघडला की माझ्या कानात दोन बायका बोलायला लागायच्या. मी सगळ्या वायरी बदलल्या. वाटलं, टॅक्सीवाल्यांचं काहीतरी शिरतंय. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, रेडिओ आहे म्हणून खपून जाईल. खपून गेलं." त्यांनी पुन्हा चहा ओतला. "त्या पोरीला मात्र वायरीबियरीशिवाय ऐकू यायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर, आणि ही त्या डब्याला कान लावून. मी विचारलं, काय ऐकतेस गं? म्हणाली, दोन बाया आहेत, माझ्याबद्दल बोलतात. एकीला मी आवडते, ती मला गाणी देते."

"आणि दुसरी?" बुरुलने विचारलं.

ओस्मोन बैकेंनी तिच्याकडे पाहिलं, मग मुरंब्याच्या वाटीकडे. "दुसरी म्हणते, कालव्यात उडी टाक."

बुरुलच्या हातातला पाव हातातच राहिला.

शेवटचा भाग त्यांना आठवत होता. त्यात साल्किनने सासूच्या पाया पडायचं आणि सगळं गोड व्हायचं, असं लिहिलेलं होतं. पण कॅमेरा सुरू झाला आणि ती पोरगी लिहिलेलं सोडून दारातून बाहेर पडली, कालव्याकडे चालत गेली. कॅमेरा दारातच राहिला. बैकेंनी तिच्या झग्यात लहानसा माइक अडकवला होता, त्यामुळे त्यांना तेवढं ऐकू येत होतं.

"काय ऐकलंत?" पेरिझातने विचारलं.

"पाणी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पाणी ऐकलं, पोरी. मी हेडफोन काढून फेकले आणि तडक घरी आलो, कुणाला काही विचारलंही नाही. पुढचं मला माहीत नाही. तीही नंतर कधी आली नाही. तसं कामही संपलंच होतं म्हणा." त्या दिवसाच्या आवाजाची कॅसेट त्यांनी ठेवली होती, पण लावून पाहिली नव्हती. ती तोक्मोकला मुलीच्या घरी होती. आणवून देतो म्हणाले.

परतताना व्हॅनमध्ये बुरुल खिडकीकडे तोंड करून बसली होती. पेरिझात समजूत काढत होती. "एजे, ते सगळं होऊन गेलंय. आपण शाळेतसुद्धा जात नव्हतो तेव्हा."

"आणि मी ते कधी म्हटलं?"

"गेल्या महिन्यात."

"मग झालंय का होऊन?" बुरुल म्हणाली. "सांग ना. तू हुशार आहेस. झालंय का?"

झालं नसेल तर अजून काहीतरी करता येईल, असं पेरिझातला पहिल्यांदाच वाटलं.

६

त्या शनिवारी बुरुलने मालिकेचा भाग लावूच दिला नाही. घड्याळ न्हाणीघरात गेलं, फ्रिज गप्प झाला, आई शेजारी गेली. बुरुल माइकच्या इतकी जवळ आली की पेरिझातला तो मागे ओढावा लागला.

"आज गप्पा नाहीत," ती म्हणाली. "आज मला एकीशीच बोलायचंय. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल."

तिने माइकची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"साल्किन, ऐक. मी ती शिव्या देणारी. तुला किटली म्हणते ती. अगं, मी तुला का बघू शकत नाही माहीत आहे का? मीही अशीच उभी असायची. सासरच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी. एक शब्द बोलायची नाही. मला रेडिओसुद्धा नव्हता. एके दिवशी मी माझ्या गाद्या ट्रकात टाकल्या आणि आईकडे आले, आणि तेव्हापासून जी बोलत सुटले ती थांबलेच नाही. तुला बघितलं की मला ती बाई दिसते. तिचा मला राग येतो. तुझा नाही गं."

तिने नाक पुसलं.

"तेव्हा तू कालव्याकडे जाऊ नकोस. गेलीस तर बादली घेऊन जा, पाणी भर आणि परत ये. जायचंच असेल तर दुसऱ्या दाराने जा, सडकेकडच्या. मी मूर्ख आहे. मूर्ख बाईचं ऐकून कुणी पाण्यात जातं का? पेरी, वाजव काहीतरी. मला आता बोलवत नाही."

पेरिझातने साल्किनचं पहिलं गाणं वाजवलं. तिसऱ्या ओळीवर ती मुद्दाम चुकली. साल्किनला ते तसंच येत होतं.

ऐकणाऱ्यांना काही उमगलं नाही, पण मॉस्कोहून कितीतरी बायकांचे निरोप आले. त्यांत शब्द फार नव्हते. काही जणी नुसत्याच रडत होत्या.

७

कॅसेट तोक्मोकहून एका व्हॅनवाल्याबरोबर आली, जुन्या मोज्यात गुंडाळलेली. पेरिझातने शाळेतला कॅसेट-प्लेअर उचलून आणला. वाजवताना ते आपल्या माइकवरही घ्यायचं असं ठरलं, म्हणजे ऐकणाऱ्यांनाही मिळेल. तिने माइक उघडला, एक हेडफोन कानावर चढवला, दुसरा कान मोकळा ठेवला. बाहेर उन्हात बर्फ वितळून पन्हाळी वाहत होत्या. बुरुलने खिडकी घट्ट लावली आणि बटण दाबलं.

कणीक आपटल्याचा आवाज. मागे पत्र्याच्या डब्यात बुरुल बोलत होती, *मला रेडिओसुद्धा नव्हता*. कणीक थांबली. सगळं ऐकून होईपर्यंत काहीच हललं नाही. मग कोमुझ, मग पावलं, मग दार. वारा. दूरवर कुणीतरी ओरडलं, "कुठे चाललीस? ए, कुठे चाललीस?" बहुधा दिग्दर्शक. पायांखाली वाळकी पानं. मग पाणी.

बुरुलने पेरिझातचं मनगट पकडलं.

पाणी वाहत राहिलं. जवळ आलं. धबकन काहीतरी पडलं, बुडबुडलं, आणि पाण्यातून जड काहीतरी वर ओढल्याचा, सांडल्याचा आवाज आला. कडी वाजली. बादली होती.

"परत येत्येय," बुरुल कुजबुजली. "पेरी, परत येत्येय ती."

पावलं आली. बादली जमिनीवर टेकली. कुणीतरी ओंजळीने पाणी प्यायलं, दम खाल्ला, आणि मग साल्किन बोलली. सबंध मालिकेत न ऐकलेला तो आवाज घोगरा होता, वापरात नसलेला, पण त्यात हसू होतं.

"ऐकलं मी, एजे. किटलीचं मला वाईट नव्हतं वाटलं. मला हसू आलं होतं." थोडं थांबून ती म्हणाली, "मी आता सडकेकडच्या दाराने जाते. एक विचारायचं राहिलं. तुम्ही दोघी बोलता ते मला नीट कळतं. तिसरीचं कळत नाही. ती फार हळू बोलते."

टेप खरखरली.

"ती माझ्याबद्दल नाही बोलत. ती तुमच्या दोघींबद्दल बोलते."

दार उघडलं, मिटलं. मग नुसती खरखर. बुरुलने प्लेअर बंद केला. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "गेली! गेली गं, दाराने गेली!" मग तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने खोलीभर पाहिलं. "तिसरी कोण?"

खोलीत दोघीच होत्या. पेटी होती, गाद्या होत्या. माइक अजून उघडाच होता. पेरिझातने दुसऱ्या कानावरही हेडफोन चढवला आणि आवाज वाढवत नेला. आधी स्वतःचा श्वास, मग बुरुलचा, मग खिडकीबाहेरच्या पन्हाळी. त्याच्याही खाली, त्यांच्याच मधून कुठूनतरी, एक बाई बोलत होती. घाई नाही, राग नाही. समोर बसलेल्या कुणालातरी एखादी हकीकत सांगावी तशी.

भीती वाटायला हवी होती, आणि पाठीवर ती होतीही. पण पेरिझात पुढे झुकली. तिला ऐकायचं होतं.

"काय म्हणते?" बुरुलने विचारलं.

"'मग बुरुलने विचारलं,' असं म्हणते."

"काय विचारलं मी?"

"हेच. आत्ता विचारलंस ते. घडून गेल्यासारखं सांगत्येय, एजे."

बुरुलचा चेहरा उतरला. "आणि पुढे? पुढे काय झालं म्हणते आपलं?"

पेरिझातने हात वर करून तिला थांबवलं. कुजबुज पुढे सरकत होती. दोघींची नावं आली. एकीच्या नावानंतर बाई जरा रेंगाळली, आवाज खाली गेला, जसा सांगणाऱ्याचा वाईट जागेपाशी जातो. पेरिझातचे डोळे तसेच उघडे राहिले आणि तिने मान हलवली, नको नको अशी.

बुरुलने पुढचं विचारलं नाही. तिने माइक दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला.

"बाई," ती म्हणाली, "तू जी कोण असशील ती. आम्ही तुला करमणूक वाटत असू. वाटू दे, त्यात काही गैर नाही, आम्हीही तेच करतो. पण इथे ऐकू येतं गं. तेव्हा आमचं पुढचं सांगताना जरा जपून सांग."

पेरिझातच्या कानातली कुजबुज वाक्याच्या मध्येच थांबली. पन्हाळी वाहत होत्या. बराच वेळ त्यापलीकडे काही नव्हतं. फक्त अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं, तोंडाशी आलेले शब्द मागे घेऊन दुसरे शोधत असल्यासारखं.